पहिला हात मागे

भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून तू ती करवत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीस आणि मी चहाचं आधण ठेवायच्या आत डायनिंग टेबलावर मांडलीस. कबाडी म्हणाला होता, डॉक्टरची आहे, लई जुनी आहे. मग तू विचारलंस, "मावशी, हिचा आता काही उपयोग होईल का?" तेवढ्यात सिलिंडरवाला आला, बोलणं तुटलं आणि तुझी दुर्गची बस निघायची वेळ झाली. तोंडी सांगितलेलं तू विसरतोस, हे तुझ्या आईला आणि मलाही ठाऊक आहे. म्हणून लिहून ठेवते.

आधी ती टेबलावरून उचल. रागावून नाही सांगत. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावले, त्यामुळे हाडाची करवत आणि भाकरीची दुरडी शेजारी बघवत नाही एवढंच. गंजानं धनुर्वात होतो असं लोक म्हणतात. तसं नसतं. त्याचे जंतू मातीत असतात, आणि कबाडीच्या ढिगातून आलेल्या दातेरी पात्याच्या फटीत माती अडकलेली असतेच. दात बोथट दिसले तरी हाताला लागतात. जाड हातमोजे घाल, आणि धनुर्वाताची सुई घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ती घे. करवत उकळून काढू असं तुझ्या मनात आलं असेल, तर त्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाच्या वाफेत हत्यारं ठेवायचो. घरातला कुकर जवळपास तिथवर जातो खरा, पण लाकडाची मूठ त्यात तडकेल. शिवाय त्याच कुकरात उद्या वरण शिजवायचं असतं. तसंही तुला त्या करवतीनं कुणाला कापायचं नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं फडकं आणि मग पात्यावर स्पिरिटचा बोळा, बस. स्पिरिट मुठीवर लावू नको, जुनं पॉलिश विरघळतं.

यापुढे आठ दिवस तिला काहीही करू नको. फक्त बघ. तुझे काका इथल्या पोलादाच्या प्लँटमध्ये पॅटर्न शॉपला होते, साच्यांसाठी लाकडाचे नमुने करायचे. नवीन हत्यार हातात आलं की पहिल्या दिवशी ते चालवायचेच नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "काहून घाई करतेस? त्याला आधी सांगू दे ना." मला तेव्हा हसू यायचं.

तर तुझी करवत काय सांगते ते बघू. मूठ काळ्याशार लाकडाची आहे, बहुतेक आबनूस, आणि तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या आहेत. ती नक्षी शोभेची नाही. रक्तानं हात निसटू नये म्हणून ती खडबड ठेवलेली असते. आता वेळेचा हिशेब लाव. जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवायची पद्धत १८६७ मध्ये छापली. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत हत्यारं वाफेतून काढायची रीत आली. वाफेत लाकूड फुगतं, हस्तिदंत तडकतो आणि कोरलेल्या चौकटींत घाण राहते. म्हणून मग हत्यारं मुठीसकट एकाच धातूची, गुळगुळीत आणि निकेलचा मुलामा दिलेली होऊ लागली. कोरीव लाकडी मुठीची करवत बहुधा त्या बदलाच्या आधीची किंवा त्या उंबरठ्यावरची समजावी. 'बहुधा' म्हणते, कारण जुन्या नमुन्याचा माल दुकानात पुढेही बरीच वर्षं विकला जातो. आपल्याकडे तर जातोच.

पातं साध्या पोलादाचं आहे की न गंजणाऱ्या, हे चुंबकानं ठरवायला जाऊ नको. धारेच्या हत्यारांचं न गंजणारं पोलादही चुंबकाला चिकटतं. ते शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये केलं, आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांत रुळायला पुढची काही वर्षं गेली. तुझ्या पात्यावर तांबूस खड्डे आहेत, म्हणजे ते साधं कार्बनचं पोलाद आहे. ते बघून हळहळू नको. भिलाईत राहून कार्बनच्या पोलादाला नावं ठेवायची नाहीत. इथल्या प्लँटमध्ये बनणाऱ्या रुळांतही कार्बनच असतो.

मुठीजवळ पात्यावर कारागिराचं नाव ठोकलेलं असेल. असतंच असं नाही, पण नुसत्या डोळ्यांनी न दिसणारं नाव तिरप्या उजेडात, सकाळी खिडकीशी धरलं की दिसतं. लंडनचं जॉन वाइस हे घराणं अठराव्या शतकाच्या शेवटापासूनचं. त्यांचा पत्ता आधी स्ट्रँड रस्त्यावर होता, नंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गेला, म्हणून पत्ता वाचला की काळाचा अंदाज येतो. पॅरिसच्या शारियेरचं नावही दिसतं. जुन्या नावाच्या अक्षरांवर पॉलिश पेपर फिरवलास तर करवतीची निम्मी किंमत आणि सगळी ओळख तू स्वतःच्या हातानं पुसलीस, एवढं ध्यानात ठेव.

'बुचर सॉ' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ती खाटकाची समजून टाकू नको. बुचर हे डब्लिनच्या एका सर्जनचं आडनाव होतं. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशी करवत आणली की जिचं पातं कमानीत ताणलेलं असे आणि हवं तसं वळवता येई. आडनावामुळे त्याला बिचाऱ्याला आयुष्यभर काय काय ऐकावं लागलं असेल!

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. मी नर्सिंगला होते तेव्हा आमच्या सिस्टर ट्यूटर सुश्रुताचं नाव घ्यायच्या आणि आम्ही मुली मागच्या बाकावर जांभया द्यायचो. निवृत्तीनंतर सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर हाती लागलं तेव्हा मीच थक्क झाले. त्यानं १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत, आणि वीस शस्त्रांत करवत आहे. तिचं नाव करपत्र. शस्त्राचे आठ दोष तो मोजतो: वाकडं, बोथट, खंडलेलं, खरखरीत धारेचं, फार जाड, फार लहान, फार लांब, फार आखूड. आणि लगेच सांगतो की खरखरीत धार हा दोष करपत्राला लागू नाही, कारण त्यानं हाड कापायचं आहे. बघ, एकाचा दोष दुसऱ्याचा गुण. आयुर्वेदाच्याच वाग्भटानं तर माप दिलं आहे: दहा अंगुळं लांब, दोन अंगुळं रुंद, बारीक दातांचं, मूठ चांगली बांधलेली. तुझी करवत त्याहून लांब आहे, पण 'बारीक दात आणि पक्की मूठ' यात आजही बदल करायला जागा नाही.

सुश्रुतानं पाणी देण्याचंही सांगितलं आहे. त्याला तो पायना म्हणतो. तापवलेलं शस्त्र विझवायचं ते तीन प्रकारांनी: क्षारात, पाण्यात आणि तेलात. क्षारात विझवलेलं हाड आणि बाणाचं टोक कापायला, पाण्यात विझवलेलं मांस कापायला आणि तेलात विझवलेलं शीर टोचायला. खेड्यातला लोहार कोयत्याला 'पाणी पाजतो' म्हणतो, ते हेच. काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले की खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा उष्णता झटकन ओढतं, म्हणून पोलाद जास्त कडक होतं, आणि तेल सावकाश ओढतं म्हणून चिवट राहतं. ही गोष्ट आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणाले. शिकवणारे कोणी रशियन असतील तर त्यांना सुश्रुत ठाऊक नसणार. इथला पोलादाचा प्लँट उभारायच्या १९५५ च्या करारानंतर रशियन आले, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली, आणि त्याच सुमारास तुझ्या काकांचे वडील भंडाऱ्याहून इथे कामाला आले. घरात पोलादाची भाषा तेव्हापासूनची.

याचा तुझ्या करवतीशी संबंध असा की ग्राइंडरला हात लावायचा नाही. पातं कडक करून मग थोडं तापवून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. त्या तापवण्यात पोलादावर रंग चढतात. सुमारे सव्वादोनशे अंशांवर गव्हाळ, पुढे जांभळट आणि तीनशेच्या आसपास निळा. ग्राइंडरवर घासताना दाताच्या टोकाला निळी झाक आली की समज, ते टोक गरजेपेक्षा मऊ पडलं. एकदा काकांच्या एका मित्रानं अशीच एक जुनी, प्लास्टर कापायची करवत आणली होती. उत्साहात ग्राइंडरच्या मोटारवर धरली. दोन मिनिटांत चमकली, आणि नंतर खडूसुद्धा कापेना.

गंज काढायचा तर रॉकेल किंवा डिझेल फडक्याला लावून पात्यावर रात्रभर गुंडाळून ठेव. मुठीपासून चार बोटं लांब. सकाळी जुन्या टूथब्रशनं दातांच्या दिशेनं घास, आडवा नको. हट्टी डाग असेल तर अगदी बारीक पोलादी लोकर, तीही तेलात भिजवून. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर वापरशील, कारण तुझी आई त्यानंच पितळ चमकवते. पोलादावर ते आम्ल काळे डाग पाडतं आणि जुना निकेलचा मुलामा असेल तर खालून उचलतं. सगळा गंज जायलाच हवा असंही नाही. काळपट, न निघणारा, हाताला न लागणारा थर राहू दे. तो पात्याचं रक्षणच करतो.

दात पाजळायचे का? माझं मत विचारशील तर नाही. हाडाच्या करवतीचे दात बहुतेक लाकडाच्या करवतीपेक्षा बारीक असतात आणि त्यांना डावं-उजवं वाकवलेलं थोडंच असतं. काही पात्यांत दातांची कड जाड आणि पाठ पातळ घासलेली असते, म्हणजे पातं अडकत नाही. हे तू तीनधारी कानस घेऊन एका दुपारी उद्ध्वस्त करू शकतोस. लाकूड कापायचंच असेल तर भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात नवी करवत मिळते.

आता चालवायची कशी, ते सांगते. हा भाग मी ट्रे धरून, काही फुटांवर उभी राहून बघितलेला आहे. पुस्तकातला नाही. अर्थात पुस्तकातही तसाच आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातसुद्धा. मांस, स्नायू, रक्तवाहिन्या यांचं काम आधी सुरीनं आणि चिमट्यांनी होतं. करवत सगळ्यात शेवटी येते आणि तिचं काम थोडंच असतं. चित्रपटात बघून लोकांना वाटतं की सगळं करवतीनंच होतं. चांगला सर्जन करवत हातात घेतल्यावर पहिला हात पुढे ढकलत नाही. पात्याची मुठीकडची टाच हाडावर टेकवतो आणि हात मागे, स्वतःकडे ओढतो. डाव्या अंगठ्याचं नख खुणेशी टेकवलेलं. त्या एका ओढीनं हाडावर बारीक खाच पडते आणि पातं नंतर त्या खाचेतून सरकत नाही. पहिला हात पुढे मारला तर दात हाडावरून निसटतात आणि बाजूला जखम करतात. मग लांब, हलके हात. वजन पात्याचं, जोर मनगटाचा नाही. शेवटाजवळ आल्यावर वेग कमी. नाही तर उरलेला पापुद्रा कापला जात नाही, मोडतो, आणि त्याचा टोकदार फाटा राहतो.

पाय धरणाऱ्याचंही शिक्षण असतं. नव्या वॉर्डबॉयला मी सांगायचे, तू उचललास तर फट मिटते आणि पातं चिमटतं, तू दाबलास तर फट उघडते आणि हाड फाटतं. मध्ये, नुसता आधार द्यायचा. तू फळी कापतोस तेव्हा खाली पडणारा तुकडा धरणाऱ्या पोराला हेच सांग. काका पॅटर्न शॉपमध्ये हेच सांगायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांचं ऐकून घरात हसायचो की तुझं आणि माझं काम एकच की.

आणखी एक गोष्ट मोटारीच्या करवती आल्यावर कळली. हाड तापलं तर मरतं. सुमारे ४७ अंशांवर एक मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. म्हणून करवत चालू असताना आमची एक मुलगी सलाईनची धार सोडत उभी असे. शिंग किंवा नारळाची करवंटी कापताना तूही थेंब थेंब पाणी सोड. जळका वास येत नाही, आणि धूळही छातीत कमी जाते. तोंडाला मास्क मात्र लाव.

गिग्लीची करवत तुला दाखवली होती का? तारेची असते, दोन टोकांना दोन मुठी. लिओनार्दो गिग्ली हा इटलीतला बाळंतपणाचा डॉक्टर. १८९० च्या दशकात त्यानं ती काढली, अडलेल्या बाईची ओटीपोटाची हाडं विलग करून वाट मोठी करायला. पुढे ती कवटीला आणि हातापायाला लागू झाली. हल्ली झाड तोडायची मोटारीची साखळी-करवत असते ना, तिचीही पूर्वज अशीच. स्कॉटलंडच्या सर्जनांनी अठराव्या शतकाच्या शेवटी हाडासाठी एक बारीक दातेरी साखळी केली होती, हातानं ओढायची. हाडापासून सागवानापर्यंत तिचा प्रवास झाला म्हणायचा.

गिग्लीबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका छोट्या इस्पितळात होते. तार परत परत वापरायची तेव्हा पद्धत होती. धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवताना मी ती घट्ट वेटोळी केली. पुढच्या केसमध्ये अर्ध्या हाडात आल्यावर ती वेटोळीच्या वळशाशी तुटली. सर्जन काही बोलले नाहीत. दुसरी तार मागितली, आणि ती नव्हती. शेवटी पात्याची करवत घेऊन काम पूर्ण केलं. रुग्ण बरा झाला. मी मात्र त्या दिवसापासून गिग्लीची तार मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवायचे आणि ट्रेत नेहमी दोन ठेवायला लावायचे. ती ओढतानाही दोन्ही हात रुंद अंतरावर, ताण सारखा, लांब झोक्यानं. हात जवळ आणले की तार तीव्र कोनात वाकते आणि तिथेच तापून तुटते. आता तारा एकदाच वापरून टाकतात. जुनी मिळाली तर तिनं भिंतीला टेकलेला प्लास्टिकचा पाइप, जिथे हॅक्सॉ घुसत नाही तिथे, सुरेख कापला जातो. हातमोजे घालून. तार तुटली तर चाबकासारखी येते.

मग पात्याच्या करवतीचा उपयोग काय, हा तू विचारलेला प्रश्न. सरळ सांगते. नारळाची करवंटी, म्हशीचं शिंग, वाळलेलं हाड, बांबूची कांडी, मऊ पितळ नाही पण पातळ प्लास्टिक, एवढ्याला ती सुंदर चालते. दात बारीक असल्यामुळे कड चिरफळत नाही. दिवे, बटणं, चमचे करायला पोरांना आवडेल. लाकूड कापायचं तर मऊ, वाळलेलं. ओलं लाकूड बारीक दातांत भरून राहतं. खाण्याचं काही कापू नको. फ्रीजमधलं मटण तर मुळीच नको. आधी तिनं काय कापलं तुला माहीत नाही, आणि उचकटलेला मुलामा पोटात जायचा.

शिंगाबद्दल एक कडक सूचना. बस्तरच्या बाजूला कुणी चितळाचं किंवा सांबराचं शिंग देईल, म्हणेल जंगलात आपोआप गळून पडलेलं आहे. घेऊ नको, घरात ठेवू नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि गळून पडलं म्हणून ते तुझं होत नाही. हस्तिदंताचंही तेच. पांढरी मूठ असलेली करवत कुणी विकायला आणली तर हात लावू नको. हस्तिदंत आणि साधं हाड यांत फरक बघायचा तर भिंगातून बघ: हाडात काळपट बारीक ठिपके-रेघा दिसतात, आणि हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. गरम सुई लावून तपासायचं ते बाजारातलं शहाणपण, त्यानं वस्तू खराब होते.

आणि कुणी म्हणेल, विदेशात विक, चांगले पैसे मिळतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू आपल्याकडं पुराणवस्तू ठरू शकते, आणि पुराणवस्तूंच्या वेगळ्या कायद्यानं, तोही १९७२ चाच, ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुझी करवत शंभरीत बसते की नाही, हे मी ठरवणार नाही. कागदपत्रांच्या फंदात पडायचं नसेल तर इथेच ठेव.

वेग म्हणजे कौशल्य, असं तुम्हा पोरांना वाटतं, म्हणून रॉबर्ट लिस्टन या सर्जनचं सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज इस्पितळात २१ डिसेंबर १८४६ ला त्यानं ईथर देऊन एका नोकराचा पाय मांडीतून कापला. कापायला अर्धं मिनिटही लागलं नाही असं नोंदलेलं आहे. तो वेगवान होता कारण त्याआधी भूल नव्हती. रुग्ण शुद्धीत ओरडत असे, चार माणसं त्याला धरत, आणि प्रत्येक सेकंद मोलाचा असे. भूल आली आणि घाईची गरज गेली. मग सर्जनांना सावकाश कापून हाडावर मांसाची चांगली गादी ठेवता येऊ लागली, म्हणजे नंतर कृत्रिम पाय टेकवताना दुखत नाही. तो पाय बसवणं हे आपलं आणखी एक कौतुक. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकात रबर आणि लाकडाचा पाय तयार केला, अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असा. करवत जिथे थांबते तिथून कारागिराचं काम सुरू होतं.

राहिली साठवण. आपल्याकडं मे कोरडा ठणठणीत, आणि जूनच्या मध्यापासून भिंती घाम गाळतात. मखमलीची पेटी दिसायला छान, पण पावसाळ्यात ती ओलावा धरून बसते. कातडी म्यानातही नको, कमावलेल्या कातड्यातल्या रसायनांनी पातं डागाळतं. कोरड्या फडक्याला शिलाई मशीनचं तेल लावून पातं पुसून घे, सुती कापडात सैल गुंडाळ, उघड्या लाकडी खणात ठेव. खोबरेल तेल नको, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. काका हत्यारांच्या खणात कापराच्या दोन वड्या टाकायचे. अजून टाकते मी. गणपतीआधी आणि दिवाळीआधी खण उघडून एकदा बघायचं. मुठीला वर्षातून एकदा जवसाचं तेल, अगदी दोन थेंब, तेही चोळून कोरडं करून. आणि वर एक चिठ्ठी ठेव: कुठून घेतली, केव्हा, किती रुपयांना, कबाडी काय म्हणाला. आज तुला हे फालतू वाटेल. पन्नास वर्षांनी तीच चिठ्ठी बघून कुणाला तरी कळेल की ही भिलाईत कशी आली.

कुणी डॉक्टरनं कॉलेजच्या संग्रहासाठी मागितली तर मात्र दे, आणि चिठ्ठीसकट दे.

पाऊस लागायच्या आत ये. रॉकेल, पोलादी लोकर आणि करवंटी माझ्याकडं आहेत. हातमोजे आणि धनुर्वाताची सुई घेतल्याचा कागद तू आण.